मर्यादित घसरणीचे डिफरन्शियल

मर्यादित घसरणीचे डिफरन्शियल : मोटारगाडीच्या चालक आसावरील दोन चाकांना वळणावर वेगवेगळ्या गतींनी फिरू देणारी, परंतु त्यांपैकी एक चाक पकड सुटून मोकळे फिरू लागल्यास त्याला आवर घालणारी यंत्रणा. हिचे अनेक प्रकार असून शर्यतीच्या मार्गावर त्यांच्यातील फरक विशेष स्पष्टपणे प्रत्ययास येतात.

गरज : वळण घेताना बाहेरच्या चाकास आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन चाकांमधील अंतर १.५ मी. आणि वळणाची त्रिज्या १५ मी. असल्यास बाहेरचे चाक सु. १०.५ टक्के अधिक वेगाने फिरले पाहिजे. साधे डिफरन्शियल ही मुभा देते. मात्र ते दोन्ही चाकांना नेहमी सारखेच परिबल, म्हणजे फिरविण्याचा सारखाच जोर, पुरविते. त्यामुळे ज्या चाकाची पकड कमी, त्याच्या कुवतीवरच दोहोंचा जोर ठरतो. वेगाने वळताना गाडीचा भार बाहेरच्या चाकांवर जातो व आतले चाक हलके होते. अशा वेळी चालकाने एंजिनाचा जोर वाढविला, तर आतले चाक जागीच फिरते आणि भार पेलणारे बाहेरचे चाक जवळजवळ निरुपयोगी राहते. ट्रॅक्टरवर यासाठी डिफरन्शियल लॉकचे पेडल असते. चिखलात ते दाबून दोन्ही चाके एकत्र बांधता येतात, परंतु वळण्यापूर्वी ते सोडावे लागते. शर्यतीच्या गाडीस नेमका वळणातच जोर हवा असतो. म्हणून चाके केव्हा व किती बांधावीत, हे यंत्रणेनेच ओळखणे आवश्यक ठरते. हे ओळखण्यासाठी तिने कोणती खूण वापरावी, या प्रश्नाला वेळोवेळी मिळालेली उत्तरे म्हणजेच या यंत्रणेचा इतिहास होय.

इतिहास : वाफेच्या गाडीसाठी डिफरन्शियलचे एकस्व फ्रान्समध्ये ओनेसिफोर पेकर यांनी १८२७ मध्ये घेतले. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथील जेम्स स्टार्ली यांनी १८७७ मध्ये तीनचाकी सायकलीत त्याचा उपयोग केला. पुढे मोटारगाडीतही तीच रचना रूढ झाली. एंजिनांची शक्ती बेताची होती तोवर तिच्यातील उणीव फारशी जाणवली नाही.

१९३४ मध्ये फेर्डिनांट पोर्श (१८७५–१९५१) यांनी आखलेली ‘आउटो उनिओन’ कंपनीची १६ सिलिंडरांची, मागे एंजिन असलेली गाडी शर्यतीत उतरली. तिचा जोर इतका होता, की ताशी सु. १६० किमी. वेगापर्यंत तिचे एक मागचे चाक पकड सोडून फिरत असे. यावर उपाय करण्याचे काम पोर्श यांनी १९३५ च्या सुमारास ‘झेडएफ’ या जर्मन कंपनीकडे सोपविले. तिने तयार केलेल्या डिफरन्शियलमध्ये दंतचक्रांऐवजी उंचवटे असलेली दोन कडी आणि त्यांच्यामध्ये सरकणारे खुंटे होते. खुंट्यांच्या घर्षणामुळे एका चाकास सहजासहजी मोकळे फिरता येत नसे. या प्रकारचे डिफरन्शियल दुसऱ्या महायुद्धातील ‘क्यूबेलवागेन’ या लष्करी मोटारीतही वापरले गेले.

महायुद्धानंतर अमेरिकेत घर्षण-तबकड्यांचा प्रकार पुढे आला व १९५६ मध्ये ‘पॅकार्ड’ मोटारींत तो ग्राहकांस उपलब्ध झाला. १९५८ मध्ये व्हर्नन ग्लीसमन यांना केवळ दंतचक्रांवर चालणाऱ्या रचनेचे एकस्व मिळाले. ती पुढे ‘टॉर्सन’ या नावाने प्रसिद्ध झाली. श्यान द्रवावर आधारलेला प्रकार इंग्लंडमध्ये फर्ग्युसन यांच्या संशोधन संस्थेच्या चारचाकी चालनावरील कार्यातून विकसित झाला. १९८५ च्या ‘फोर्ड सिएरा एक्सआर४×४’ या मोटारीत तो मधल्या व मागच्या अशा दोन्ही ठिकाणी होता.

तबकड्यांचा प्रकार : यात डिफरन्शियलमधील आडव्या दांड्याची टोके दोन कड्यांमधील इंग्रजी ‘व्ही’ आकाराच्या खाचांत बसविलेली असतात. एंजिनाचा जोर येताच ही टोके खाचांच्या उतरणीवर चढू पाहतात, कडी परस्परांपासून दूर ढकलली जातात आणि चाकांच्या दांड्यांवरील तबकड्या दाबल्या जातात. जोर जितका अधिक, तितकी बांधणी घट्ट. जोर लावताना व एंजिन गाडीस रोखत असताना खाचांच्या वेगवेगळ्या बाजू उपयोगात येतात. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या उतरणींचे कोन निरनिराळे ठेवून गाडीचे वर्तन हवे तसे बदलता येते. बांधणी ४० टक्के असल्यास दोन चाकांवरील परिबल ३० : ७० या प्रमाणापर्यंत विभागले जाऊ शकते. स्प्रिंगांच्या साहाय्याने तबकड्यांवर मुळातच थोडा दाब ठेवलेला असल्यास आतले चाक पूर्ण उचलले गेले तरी बाहेरच्या चाकास काही जोर मिळतोच. तबकड्या झिजतात, त्यांना योग्य तेल लागते व ठराविक काळाने यंत्रणा उघडून त्या बदलाव्या लागतात, हे याचे दोष होत. बांधणी फार घट्ट असल्यास गाडी वळणात शिरताना सरळ जाऊ पाहते.

दंतचक्रांचा प्रकार : मळसूत्री वा तिरप्या दात्यांची चक्रे जोराखाली एकमेकांवर व पेटीच्या भिंतींवर दाबली जातात. त्या घर्षणाने कमी पकडीच्या चाकास मिळणाऱ्या परिबलाच्या काही पट परिबल दुसऱ्या चाकास मिळते. हे प्रमाण ३ असेल आणि आतले चाक १०० एकके पेलत असेल, तर बाहेरच्यास ३०० एकके मिळतात. साध्या डिफरन्शियलमध्ये १००च मिळाली असती. क्रिया तत्काळ व मृदू होते, झीज अल्प असते आणि सुकाणूस हिसके बसत नाहीत. म्हणून पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाड्यांस हा प्रकार विशेष मानवतो. मात्र हा गुणाकार आहे, आणि शून्याची तिप्पट शून्यच. मार्गाच्या उंच कडेवरून जाताना आतले चाक हवेत उचलले गेले, की यंत्रणा जवळजवळ साध्या डिफरन्शियलसारखी वागते. अमेरिकी लष्कराच्या ‘हम्व्ही’ गाडीत अशा प्रसंगी ब्रेक हलका दाबून मोकळ्या चाकास कृत्रिम भार देण्याची पद्धत होती.

श्यान द्रवाचा प्रकार : यात आळीपाळीने दोन बाजूंस जोडलेल्या भोके पाडलेल्या चकत्या दाट सिलिकोन तेलात फिरतात. दोहोंच्या गतींत फरक पडला की तेल त्या फरकास विरोध करते. पहिले दोन प्रकार परिबल ओळखतात, तर हा गतीतील फरक ओळखतो. म्हणजेच चाक घसरू लागल्यावरच तो कामास लागतो. रस्त्यावर ही मृदुता सुखावह असते. शर्यतीच्या मार्गावर मात्र विलंब जाणवतो आणि सततच्या उष्णतेने तेलाचे गुणधर्म बदलतात. १९८९ मध्ये आलेल्या ‘माझ्दा एमएक्स-५’ मोटारीत प्रथम हा प्रकार वैकल्पिक होता. १९९४ पासून त्याची जागा टॉर्सनने घेतली.

दोन टोके : काही वाहनांत डिफरन्शियलच नसते. ‘पोर्श ९३५’ (१९७६) या शर्यतीच्या मोटारीत मागची चाके पूर्णपणे एकत्र बांधलेली होती. वळणातून निघताना पकड मिळे, परंतु वळणात शिरताना चालकास तिचा हट्ट मोडावा लागे. कार्ट या लहान वाहनाचा मागचा आसही अखंड असतो. सुकाणू वळविताच आतले मागचे चाक किंचित उचलले जावे, अशी त्याची रचना करून अडचण टाळलेली असते. दुसऱ्या टोकास संगणकनियंत्रित डिफरन्शियल आहे. २००४ च्या ‘फेरारी एफ४३०’ मध्ये तबकड्यांवरील द्रवीय दाब संगणक ठरवितो. त्यासाठी चाकांची गती, सुकाणूचा कोन इत्यादींचा विचार एकाच वेळी केला जातो. घसरणाऱ्या चाकास केवळ ब्रेक लावून असाच परिणाम साधणाऱ्या स्वस्त योजनाही आहेत. पण त्यांत शक्ती वाया जाते व दीर्घ शर्यतीत ब्रेक तापतात.

निवड : यांपैकी कोणताही प्रकार सर्वत्र श्रेष्ठ ठरत नाही. डिफरन्शियलने दिलेल्या स्वातंत्र्याचा काही भाग परत घेऊनच पकड मिळविता येते. आतले चाक वारंवार उचलले जाणाऱ्या, शक्तिशाली व मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीस तबकड्यांचा प्रकार योग्य. रोजच्या वापरातील व अधूनमधून मार्गावर जाणाऱ्या गाडीस दंतचक्रांचा प्रकार सोयीचा. तर श्यान द्रवाचा प्रकार मुख्यतः रस्त्यासाठी होय. निवडीपूर्वी गाडीच्या स्प्रिंगा व टायर यांची जुळणी तपासणे हिताचे असते, कारण आतले चाक जमिनीवर टिकून राहिल्यास डिफरन्शियलवरील भिस्त आपोआप कमी होते.