घाटातलं उकळतं पाणी आणि चार चमचे सिलिकॉन

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर 2024 साली जुन्या डांबरावर काँक्रीटचा थर चढवायचं काम (ज्याला सगळे 'व्हाइट टॉपिंग' म्हणतात ते) सुरू झालं, आणि घोडबंदरपासून पुढे तासन्‌तास रांगा लागायला लागल्या. विरार फाटा, चांदीपकडचा भाग, शिरसाड, खानिवडे टोलनाका. या पट्ट्यात अडकलेल्यांनी एक गोष्ट नक्की पाहिली असेल. मे महिन्याची दुपार, गाड्या गोगलगाईच्या चालीने सरकतायत, आणि मधेच एखादा जुना ट्रक डाव्या कडेला. पुढून वाफ, ड्रायव्हर हातात फडकं घेऊन उभा, क्लीनर पाण्याचा कॅन शोधतोय. बाजूने नवा बारा चाकी ट्रक शांतपणे पुढे जातो.

गंमत अशी की तोच जुना ट्रक सुरतेपासून इथपर्यंत ताशी 60 च्या वेगाने आलेला असतो आणि तेव्हा काटा जागचा हललेला नसतो. मग दहाच्या वेगाला काय होतं? उत्तर एका शब्दात द्यायचं तर: पंखा. पण ते एका शब्दात देण्यात मजा नाही, कारण या पंख्याचा इतिहास आपल्या घाटांतून गेलेला आहे.

आधी थोडं विज्ञान, लगेच संपवतो. डिझेल इंजिनात जाळलेल्या इंधनातली साधारण 35 ते 40 टक्के ऊर्जा चाकांच्या कामी येते. बाकीची उष्णता. त्यातली बरीचशी सायलेन्सरमधून जाते आणि उरलेली पाण्यामार्फत रेडिएटरच्या जाळीत येते. ती बाहेर टाकायची तर जाळीतून हवा गेली पाहिजे. गाडी पळत असेल तर हवा आपोआप मिळते. गाडी रखडली किंवा लोड घेऊन पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढ चढायला लागली की सगळी भिस्त पंख्यावर.

आता घाट. गव्हर्नर माल्कमच्या काळात, 1830 मध्ये, खंडाळ्याचा घाटरस्ता वाहनांसाठी खुला झाला. तेव्हाची 'वाहनं' म्हणजे बैलगाड्या. त्याच वळणांवरून सव्वाशे वर्षांनी लोडेड ट्रक चढायला लागले. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लरच्या सहकार्याने 1947 पासून कुर्ल्यात गाड्या जोडायला सुरुवात केली होती. 1954 मध्ये टेल्कोने डेमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज ट्रक बाहेर पडू लागले. करार 1969 मध्ये संपला, जाळीवरचा तारा गेला, त्याजागी टाटांचा 'टी' आला. पण इंजिनाची घडण तीच राहिली आणि पुढे कित्येक वर्षं आपल्या रस्त्यांवर तिचीच वंशावळ धावत होती.

या गाड्यांचा पंखा सरळसोट असायचा. लोखंडी पाती, पट्ट्यावर फिरणारी पुली, आणि मध्ये काहीही नाही. इंजिन फिरलं की पंखा फिरला. पहाटे गार इंजिनावर फिरला, हायवेवर फुकट हवा मिळत असताना फिरला, घाटातही फिरला. आणि तरी गाड्या तापायच्या! कारण लोड कागदावर एक आणि पाट्यावर दुसराच. त्यातून एक अख्खी पाण्याची संस्कृती तयार झाली. बंपरला लटकवलेली कॅनव्हासची पिशवी, टपावर डबा, चढावर थांबून चाकामागे दगड, इंजिन गार होईस्तोवर बिडी. थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून फेकणं हा तर जवळजवळ संस्कारच होता: "साहेब, त्याच्यामुळेच गाडी गरम होते."

(त्याच्यामुळे होत नाही. बंद अवस्थेत अडकलेल्या थर्मोस्टॅटमुळे होते. पण एकदा अडकलेला पाहिला की माणूस सगळ्यांनाच गुन्हेगार ठरवतो. आमच्या प्रोग्रामरांतही हा रोग आहे.)

रेडिएटरच्या झाकणाबद्दलही तेच. ते झाकण म्हणजे कुकरची शिटी आहे. आतला दाब वाढतो, पाणी शंभरऐवजी 115 ते 120 अंशांच्या आसपास उकळतं. खंडाळ्याच्या उंचीवर साधं पाणी 98 च्या जवळपासच उकळायला लागतं, म्हणजे तिथे हे झाकण अधिकच गरजेचं. आणि नेमकं तिथेच लोक ते उघडायचे. तापलेल्या कुकरचं झाकण कोणी शहाणी बाई उघडत नाही, पण घाटात हात भाजलेले ड्रायव्हर कमी नव्हते.

सतत फिरणाऱ्या पंख्याची खरी किंमत मात्र कुणाला दिसत नव्हती. पंख्याला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट, ताकद आठपट. उलट बघा: वेग निम्मा केला तर एक अष्टमांश ताकदीत भागतं. म्हणजे पंखा गरज नसताना हळू फिरवता आला तर केवढी बचत! डिझेल स्वस्त होतं तोवर ट्रकवाल्यांना याचं फारसं पडलेलं नव्हतं. 1973 चा तेलधक्का बसला आणि पाश्चात्त्य देशांतल्या ट्रकवाल्यांनी वही-पेन्सिल काढली.

उत्तर तोवर मोटारींत येऊन बसलेलं होतं, आणि ते आलं एका निरुपयोगी ठरवलेल्या चिकट पदार्थातून. इंग्लंडात नॉटिंगहॅमला फ्रेडरिक किपिंग नावाचे रसायनशास्त्रज्ञ विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सिलिकॉनच्या संयुगांवर काम करत होते. त्यांच्या काचपात्रांत वारंवार एक गोंदासारखा चिकटा उरायचा आणि ते वैतागायचे. या विषयातून व्यवहारात काही फार निघेल असं त्यांना 1930 च्या दशकातही वाटत नव्हतं. मग कॉर्निंग या काच कंपनीतल्या जेम्स हाइड यांनी त्याच चिकट्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. 1943 मध्ये डाऊ कॉर्निंग कंपनी उभी राहिली आणि दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या इग्निशनला ओल लागू नये म्हणून पहिलं सिलिकॉन वापरात आलं.

सिलिकॉन तेलाचा मोठा गुण असा, की तापलं तरी ते साध्या तेलाइतकं पातळ होत नाही. इंजिन ऑइल गार असताना मधासारखं आणि गरम झालं की पाण्याकडे झुकणारं. सिलिकॉन तेल मात्र बराचसा घट्टपणा टिकवून ठेवतं. इथून व्हिस्कस फॅन क्लच जन्माला आला, आणि 1960 च्या दशकात अमेरिकन मोटारींमध्ये एअरकंडिशनरच्या पाठोपाठ पसरला.

आत काय असतं? एक चकती इंजिनाबरोबर फिरते. तिच्याभोवती घर, आणि घराला पंखा बोल्ट केलेला. चकती आणि घर एकमेकांना शिवत नाहीत. दोघांवर गोल गोल वळ्या कापलेल्या, एकाच्या खाचेत दुसऱ्याचा कंगोरा, मध्ये केसभर फट. त्या फटीत सिलिकॉन तेल आलं की चकती घराला ओढत नेते. तेल निघून गेलं की चकती नुसती फिरते आणि पंखा मागे रेंगाळतो. तेल आत सोडायचं की नाही ते कोण ठरवतं? समोरच्या तोंडावर दोन धातूंची चिकटवलेली छोटी गुंडाळी. रेडिएटरमधून आलेली हवा तापली (साधारण 65-75 अंश, मॉडेलप्रमाणे बदलतं) की ती उलगडते, आतली झडप सरकते, तेल साठ्यातून कामाच्या खोलीत येतं. हवा गार झाली की झडप बंद, आणि फिरण्याच्या जोरावरच तेल परत साठ्यात. सेन्सर, कंट्रोलर, ॲक्च्युएटर, सगळं एका पितळी-पोलादी पट्टीत. एकही वायर नाही, एकही ओळ कोड नाही. मी रोज ज्या प्रकारचे फीडबॅक लूप लिहितो त्यातले बरेचसे याच्यापुढे ओबडधोबड आहेत, हे कबूल करायला हरकत नाही.

आपल्याकडे ही चीज ट्रकांवर सर्रास दिसू लागली ती टर्बो इंजिनांच्या काळात. 1993 मध्ये टाटा आणि कमिन्स एकत्र आले, इंजिनं जोरकस झाली, पाठोपाठ प्रदूषणाचे नियम आले. आता इंजिनाला लवकर गरम व्हायला हवं होतं आणि जास्त गरमही व्हायचं नव्हतं. सरळसोट पंख्याला हे जमणारं नाही.

पण मेकॅनिकची पिढी तीच होती, सरळसोट पंख्यावर वाढलेली. इथे खरा पेच सुरू होतो.

विरारच्या पूर्वेच्या टापूत काय धावतं ते पाहा: दगड-खडीचे डंपर, वाळू-सिमेंटच्या गाड्या, शिरसाडहून वज्रेश्वरी-अंबाडीमार्गे भिवंडीच्या गोदामांकडे जाणारा माल. यातल्या कितीतरी गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या हाताच्या, एकच ट्रक असलेल्या मालकाच्या. दगडाची बारीक भुकटी रेडिएटरच्या जाळीत बसते, पावसाळ्यात तिचा लगदा होतो, उन्हाळ्यात वीट. आणि क्लचच्या सीलमधून सिलिकॉन पाझरायला लागलं की हीच भुकटी त्यावर चिकटून काळपट ओघळ तयार होतो. वर्षानुवर्षं थोडं थोडं तेल कमी होतं आणि पंखा थोडा थोडा मंदावतो. हायवेवर कळत नाही. घोडबंदरजवळच्या गायमुख घाटात किंवा विरार फाट्याच्या रांगेत कळतं.

मग गाडी गॅरेजात. नवा क्लच महाग, मालक कुरकुरतो, आणि मेकॅनिक रामबाण उपाय सांगतो: 'डायरेक्ट करून टाकू.' घराला आणि चकतीला भोक पाडून बोल्ट, किंवा सरळ वेल्डिंग. पंखा पुन्हा 1954 सालचा!

आणि गाडी तापायची थांबते, हे महत्त्वाचं. म्हणून हा उपाय मूर्खपणाचा आहे असं मी म्हणणार नाही. रात्री दोन वाजता मनोरला अडकलेल्या माणसाने बोल्ट मारून घर गाठलं तर त्याने बरोबरच केलं. चूक आहे ती तसंच पाच वर्षं चालवण्यात. जुन्या लोखंडी पंख्याची सगळी रचनाच सतत फिरण्यासाठी होती, इंजिनंही संथ फिरणारी. नव्या पंख्याचा घेर मोठा, पाती बऱ्याचदा प्लास्टिकची, आणि जास्त फेऱ्यांना क्लच त्याला घसरू देईल असं धरून केलेलं गणित. तो घसरणं बंद झालं की पातीवर, बेअरिंगवर, पट्ट्यावर ताण येतो.

डिझेलचा हिशेब तर करूनच बघू. धरा की हायवेवर जखडलेला पंखा मोकळ्या पंख्यापेक्षा फक्त 4 किलोवॅट जास्त खातो. डिझेल इंजिनाला एका किलोवॅट-तासाला साधारण पाव लिटर लागतं. म्हणजे तासाला लिटरभर. दिवसाचे आठ तास, लिटरमागे 90 रुपये: 720 रुपये रोज. हिशेब ढोबळ आहे, निम्मा करा हवा तर. तरी हप्ता भरणाऱ्या एकट्या मालकाच्या खिशातून महिन्याला नऊ-दहा हजार जातात, आणि ते कुठल्याही बिलावर छापून येत नाहीत. गाडी 'ॲव्हरेज देत नाही' एवढंच त्याला कळतं.

मधला रस्ता आहे: क्लचची सर्व्हिस. कंपन्या सहसा क्लच बदला म्हणतात, पण ज्यांच्या घराला कडेने स्क्रू आहेत ते उघडता येतात. (कडा दाबून बंद केलेले नाहीत येत, तिथे नवाच घ्यावा.) काही जपानी गाड्यांसाठी तर हे तेल छोट्या ट्यूबमध्ये, 3,000 किंवा 10,000 सेंटिस्टोक असे घट्टपणाचे आकडे छापून मिळतं. पाण्याचा आकडा साधारण 1, यावरून अंदाज करा.

उघडण्याआधी मात्र बाकीचे संशयित तपासायचे. जाळी इंजिनाच्या बाजूने हलक्या पाण्याने धुतलीय का, पट्टा सैल आहे का, झाकणाचं रबर शाबूत आहे का, थर्मोस्टॅट जागेवर आहे का. आणि पंख्याभोवतीचं कव्हर. हे तुटलं की लोक काढून टाकतात, मग पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी कडेचीच हवा घुसळत बसतो. हे सगळं ठीक असेल तर इंजिन बंद आणि गार असताना पंखा हाताने फिरवायचा. थोडा जड लागून लगेच थांबला तर तेल आहे. गरगर फिरत राहिला तर गेलंय. पातीचं टोक पुढे-मागे हललं तर बेअरिंग गेलंय, मग तेल भरून उपयोग नाही. सकाळी पहिल्या स्टार्टला मिनिटभर घोंघावला तर घाबरू नका, रात्रभरात तेल खाली उतरलेलं असतं, ते परत जागेवर जातंय.

उघडताना दोन्ही अर्ध्यांवर जुळणीची खूण करायची. काही गाड्यांत मुख्य नट उलट्या आट्यांचा असतो, जोर लावण्याआधी बघून घ्यायचं. गुंडाळीला हात लावून वाकवायचं नाही, तीच या यंत्राचा मेंदू आहे. आतलं जुनं तेल काळं, कधीकधी जेलीसारखं झालेलं असतं. ते पूर्ण पुसायचं, वळ्यांत खरवडायचं नाही, सील नवं घालायचं. आणि नवं तेल मापून, मोजके काही चमचे. जास्त भरलं तर पंखा कायमचा जखडतो, म्हणजे पैसे देऊन 'डायरेक्ट' केल्यासारखंच. इंजिन ऑइल किंवा ग्रीस अजिबात नको: ज्या क्षणी पंखा हवा त्याच क्षणी ते पातळ होतं. काम झाल्यावर क्लच बाकावर आडवा टाकून ठेवायचा नाही, गाडीवर बसतो तसा उभाच.

2020 च्या बीएस-6 नंतरच्या बऱ्याच गाड्यांत ही गुंडाळी गेली. झडप आता ईसीयूच्या आज्ञेने उघडते, आतलं सिलिकॉन मात्र तेच. जुन्या गाड्यांना अजून ती धातूची पट्टीच आहे, आणि ती तपासायला लॅपटॉप लागत नाही. क्लच बसवल्यावर रेडिएटरसमोर मोठा पुठ्ठा लावायचा, इंजिन साधारण दीड हजार फेऱ्यांवर ठेवायचं, आणि काट्यावर नजर ठेवून पंख्यापासून लांब उभं राहायचं. काटा लाल पट्ट्याकडे जायला लागला तर लगेच पुठ्ठा काढायचा. सगळं ठीक असेल तर त्याआधीच पंखा एकदम गर्जायला लागतो. मग पुठ्ठा काढायचा. काही मिनिटांत आवाज आपोआप खाली येतो.