पोटातला गोळा : प्रस्तावना

भीती वाटली की पोटात गोळा येतो, तोंडाला कोरड पडते, हातपाय गार पडतात. या शब्दप्रयोगांत अलंकार थोडा आणि निरीक्षण पुष्कळ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हार्वर्डमधला वैद्यकाचा विद्यार्थी वॉल्टर कॅनन क्ष-किरणांच्या साहाय्याने मांजरांच्या जठराची हालचाल पाहत असे. बिस्मथ मिसळलेल्या अन्नामुळे जठराची सावली पडद्यावर उमटे आणि तिच्यावरून लाटा सरकताना दिसत. मांजर बिथरले की त्या लाटा थांबत. शांत झाले की पुन्हा सुरू होत. आमच्या विषयाचे, म्हणजे मन आणि शरीर यांच्या नात्याचे, दार मला नेहमी तिथेच उघडलेले दिसते.

संकटाची चाहूल लागताच मेंदूतून दोन निरोप निघतात. पहिला मज्जातंतूंच्या वाटेने, क्षणार्धात : मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनलिन सोडतात, नाडी धावू लागते, पचन मंदावते. दुसरा रक्ताच्या वाटेने, सावकाश : हायपोथॅलॅमसकडून पियुषिका ग्रंथीला, तिच्याकडून पुन्हा अधिवृक्क ग्रंथींना, आणि मग कॉर्टिसॉल. पुरेसे कॉर्टिसॉल झाले की तेच मेंदूला आवरायला लावते. व्यवस्था मोठी सुबक आहे, पण ती थोड्या वेळासाठी. १९३६ साली मॉन्ट्रियलच्या हान्स सेल्ये यांनी दाखवले की निरनिराळ्या त्रासांनी गांजलेल्या उंदरांच्या शरीरात बदल मात्र सारखेच होतात : सुजलेल्या अधिवृक्क ग्रंथी, आक्रसलेली थायमस ग्रंथी, जठरात व्रण.

माणसांवरचा एक अभ्यास मी दरवर्षी वर्गात सांगतो. १९९५ मध्ये ओहायोतील संशोधकांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची शुश्रूषा करणाऱ्या तेरा स्त्रियांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली आणि ती भरून येण्याची वाट पाहिली. तशीच जखम त्याच वयाच्या, पण हा भार नसलेल्या तेरा स्त्रियांनाही केली. शुश्रूषा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. रात्र-रात्र कुणाच्या उशाशी बसणाऱ्या बाईला आपण सर्रास म्हणतो, ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, मनावर घेऊ नका.’ ते म्हणणे किती अपुरे आहे, हे त्या नऊ दिवसांनी मला शिकवले. तिचा थकवा कातडीपर्यंत पोहोचलेला असतो.

नव्या वाचकाने ग्रंथींच्या नावांना बिचकू नये. दोन-तीन प्रकरणांत ती ओळखीची होतात. मज्जासंस्था, रोगप्रतिकारशक्ती, झोप, पचन हे वेगवेगळे कप्पे आहेत ही समजूत मात्र सुरुवातीलाच बाजूला ठेवावी, कारण इथे प्रत्येक वाट दुसरीला छेदून जाते.

वाचायला बसण्याआधी मनगटावर दोन बोटे ठेवून नाडी पाहा आणि संथ श्वास घ्या. श्वास आत घेताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना लांबतात. तो लगाम व्हेगस नावाच्या मज्जातंतूच्या हाती असतो, आणि पहिले प्रकरण त्याच्यापासूनच सुरू होते.