जीपीयू एक, भाडेकरू अनेक: 'काटा कंटेनर्स'मधलं 'जीपीयू पासथ्रू' म्हणजे नेमकं काय?

डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने मुंबईत 'महाक्राइमओएस एआय'बद्दल घोषणा केली. तपासात पोलिसांना मदत करणारी ही एआय प्रणाली तोवर नागपूरमधल्या २३ पोलीस ठाण्यांत सुरू झाली होती. आता ती राज्यातल्या सर्व १,१०० ठाण्यांपर्यंत नेण्याचं ठरलं आहे. या कामात सहभागी असलेली 'मार्वल' ही कंपनी राज्य सरकारने २०२४ मध्ये स्थापन केली असून ती नागपूरचीच आहे. प्रणाली चालते ती मात्र मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअर क्लाउडवर.

यात वावगं काही नाही. आज बहुतेक एआय सेवा भाड्याच्या क्लाउडवरच चालतात. तुम्ही चॅटबॉटला विचारलेला प्रश्न असो, रुग्णालयाने तपासायला पाठवलेला एक्स-रे असो किंवा पोलिसांकडे आलेली तक्रार, ती वाचणारा संगणक दूरच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये असतो. आणि क्लाउडचा धंदाच मुळी एक यंत्र अनेकांना भाड्याने देण्यावर चालतो.

मग प्रश्न असा, की एकाच यंत्रावरच्या दोन भाडेकरूंमध्ये भिंत कोणती? एआयसाठी लागणारा महागडा जीपीयू मध्ये आला, की ती भिंत टिकते का? 'जीपीयू पासथ्रू' हे याच प्रश्नाचं एक उत्तर आहे. ते समजून घेऊया.

आधी कंटेनर म्हणजे काय?

एखादं सॉफ्टवेअर आणि त्याला लागणाऱ्या सगळ्या फाइल्स एका गाठोड्यात बांधल्या, की झाला कंटेनर. हे गाठोडं कोणत्याही सर्व्हरवर नेलं तरी तसंच चालतं आणि क्षणात सुरू होतं. असे हजारो कंटेनर सांभाळण्याचं काम 'कुबरनेटिस' नावाचं सॉफ्टवेअर करतं.

मात्र एका सर्व्हरवरचे सगळे कंटेनर एकच कर्नल वापरतात. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मेमरी, डिस्क, नेटवर्क या सगळ्याच्या किल्ल्या त्याच्याकडे असतात.

जुन्या वाड्यातल्या भाड्याच्या खोल्या आठवा. प्रत्येक बिऱ्हाडाला कुलूप वेगळं, पण दिंडी दरवाजा एक, चौक एक आणि विहीरही एकच. एखाद्याने चौकाचा ताबा घेतला, की सगळी बिऱ्हाडं त्याच्या हातात. कंटेनरचंही तसंच आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये 'रनसी' या कंटेनर चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये अशी त्रुटी सापडली, की कंटेनरच्या आतला हल्लेखोर बाहेर येऊन थेट सर्व्हरवर ताबा मिळवू शकत होता. डॉकर आणि कुबरनेटिस वापरणाऱ्या कंपन्यांना तेव्हा घाईघाईने दुरुस्ती करावी लागली होती.

'काटा' काय करतं?

यावरचा जुना उपाय म्हणजे व्हर्च्युअल मशीन. प्रत्येकाला वेगळा कर्नल, म्हणजे खोलीऐवजी स्वतंत्र घर. भिंत पक्की, पण घर उभं करायला वेळ लागतो आणि मेमरीही जास्त खर्च होते.

दोन्हींचे फायदे एकत्र आणण्यासाठी डिसेंबर २०१७ मध्ये 'काटा कंटेनर्स' हा मुक्त-स्रोत प्रकल्प जाहीर झाला. इंटेलचा 'क्लिअर कंटेनर्स' आणि हायपर या कंपनीचा 'रनव्ही' हे दोन प्रकल्प एकत्र करून तो उभा राहिला. पहिली पूर्ण आवृत्ती मे २०१८ मध्ये आली. (नावाचा मराठीतल्या काट्याशी संबंध नाही. विश्वासाने सोपवणं अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते घेतलं आहे.)

काटामध्ये प्रत्येक पॉड, म्हणजे कंटेनरचा एक गट, स्वतःच्या छोट्याशा व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतो. वरून पाहणाऱ्या कुबरनेटिसला तो नेहमीच्या कंटेनरसारखाच दिसतो. आत मात्र त्याचा स्वतःचा कर्नल असतो. हल्लेखोराने कंटेनर फोडला तरी तो त्या छोट्या घराच्या अंगणात येतो, वाड्याच्या चौकात नाही.

मग जीपीयू आल्यावर अडचण काय?

जीपीयू म्हणजे ग्राफिक्स प्रोसेसर. गेमिंगसाठी बनलेली ही चिप हजारो छोटी गणितं एकाच वेळी करते, म्हणून एआयसाठी ती अत्यावश्यक झाली. पण व्हर्च्युअल मशीनच्या आतून खरं हार्डवेअर दिसतच नाही. डिस्क आणि नेटवर्कच्या जागी सॉफ्टवेअरने तयार केलेली सोंगं असतात. नेटवर्क कार्डाचं सोंग वठवणं सोपं आहे, एआय जीपीयूचं नाही.

काहींनी ही वाटच टाळली. ॲमेझॉनने २०१८ मध्ये खुलं केलेलं 'फायरक्रॅकर' १२५ मिलिसेकंदांत व्हर्च्युअल मशीन सुरू करतं आणि त्यासाठी ५ एमबीहून कमी जादा मेमरी घेतं. हे जमलं, कारण त्यात मोजकीच उपकरणं ठेवली होती. जीपीयू त्यांत नव्हता.

मग साधे कंटेनरच वापरले तर? त्यासाठी एनव्हिडियाचं 'कंटेनर टूलकिट' आहे. सर्व्हरच्या कर्नलमधला ड्रायव्हर ते कंटेनरला वापरू देतं. हे सोयीचं आणि वेगवान आहे, पण सगळ्यांचा चौक पुन्हा एकच.

त्याचा धोका दोनदा समोर आला. सप्टेंबर २०२४ मध्ये या टूलकिटमधली एक गंभीर त्रुटी जाहीर झाली. सुरक्षा कंपनी 'विझ'च्या संशोधकांनी ती शोधली होती. मुद्दाम तयार केलेली कंटेनर इमेज चालवली, तर हल्लेखोराला पूर्ण सर्व्हरच्या फाइल्सपर्यंत पोहोचता येत होतं. जुलै २०२५ मध्ये त्याच कंपनीने दुसरी त्रुटी जाहीर केली. तिचा वापर करण्यासाठी अवघ्या तीन ओळींची डॉकरफाइल पुरेशी होती. दोन्ही त्रुटींना धोक्याच्या मोजपट्टीवर १० पैकी ९ गुण मिळाले. दोन्ही वेळा दुरुस्ती आली, पण ज्या सर्व्हरवर अनेक ग्राहकांचं एआय काम शेजारी-शेजारी चालतं, तिथे अशा एका त्रुटीने सगळेच उघडे पडू शकतात हे स्पष्ट झालं.

पासथ्रू म्हणजे काय?

गल्लीतली पिठाची गिरणी आठवा. सगळ्यांचे डबे तिथेच, दळणारा माणूस एकच. आधीच्याने ज्वारी दळली असेल, तर तुमच्या गव्हात थोडी ज्वारी येतेच. घरघंटीचा मामला वेगळा. ती तुमच्या घरात, तुमच्या हातात.

जीपीयू पासथ्रू म्हणजे भाड्याची मुदत संपेपर्यंत जीपीयूची घरघंटी करणं. सर्व्हर त्या कार्डावरचा हात काढून घेतो आणि आख्खं कार्ड एका व्हर्च्युअल मशीनच्या स्वाधीन करतो. ड्रायव्हर आत चालतो. मध्ये सोंग नसल्यामुळे वेग जवळपास खऱ्या यंत्राइतका मिळतो.

पण यात एक मोठा धोका आहे. जीपीयू प्रोसेसरला न विचारता थेट मेमरी वाचू-लिहू शकतो. उद्या आतल्या भाडेकरूने त्याला शेजाऱ्याची मेमरी वाचायला सांगितली तर? इथे 'आयओएमएमयू' नावाचा हार्डवेअरमधला पहारेकरी कामाला येतो. जीपीयूने मागितलेला प्रत्येक पत्ता तो तपासतो आणि नेमून दिलेल्या हद्दीबाहेर जाऊ देत नाही. लिनक्समध्ये या पहारेकऱ्याच्या मदतीने उपकरण सुरक्षितपणे सोपवण्याची व्यवस्था २०१२ पासून आहे. तिचं नाव 'व्हीएफआयओ'. काटाचा जीपीयू पासथ्रू तिच्यावरच उभा आहे.

काटामध्ये हे बसवायला काय काय लागतं?

*पहारेकरी जागा हवा:* सर्व्हरच्या बायॉसमध्ये आणि लिनक्समध्ये आयओएमएमयू चालू असावा लागतो.

*गट फोडता येत नाही:* पहारेकरी उपकरणं गटांत पाहतो. जीपीयूच्या गटात दुसरं एखादं उपकरण असेल, तर त्यावरचा ताबाही सर्व्हरला सोडावा लागतो. एकाच गटातली दोन उपकरणं दोन भाडेकरूंना देता येत नाहीत.

*ड्रायव्हर बदलतो:* सर्व्हरवर एनव्हिडियाच्या ड्रायव्हरऐवजी व्हीएफआयओचा ड्रायव्हर कार्ड धरून ठेवतो. खरा ड्रायव्हर व्हर्च्युअल मशीनच्या आतल्या लिनक्समध्ये घालावा लागतो आणि तो आतल्या कर्नलशी जुळावा लागतो. काटाचा नेहमीचा कर्नल मुद्दाम छोटा ठेवलेला असल्यामुळे जीपीयूसाठी वेगळी इमेज तयार करतात.

*पत्त्यांची जागा:* डेटा सेंटरमधली कार्डं स्वतःची मेमरी दाखवण्यासाठी पत्त्यांची प्रचंड जागा मागतात. व्हर्च्युअल मशीनने ती आधीच राखून ठेवली नाही, तर कार्ड आत दिसत असूनही चालत नाही.

*कार्ड कधी जोडायचं:* मशीन सुरू झाल्यावर कार्ड जोडण्याला 'हॉट प्लग' म्हणतात. सुरू होण्याआधीच जोडलं तर 'कोल्ड प्लग'. मोठ्या जीपीयूसाठी कोल्ड प्लग जास्त भरवशाचं ठरतं, कारण लागणारी जागा मशीन उभं राहतानाच ठरते. पण त्यासाठी कोणतं कार्ड कोणत्या पॉडला द्यायचं, हे काटाला आधी कळावं लागतं. कंटेनरच्या जगात 'हा पॉड सुरू कर' हा निरोप आधी येतो आणि आतल्या कंटेनरला काय हवं, ते नंतर कळतं. ही गाठ सोडवणं हे या कामातलं खरं किचकट काम आहे.

याची किंमत काय?

पहिली किंमत पैशांची. घरघंटी दिली की ती शेजाऱ्याला मिळत नाही. भाडेकरू कार्डाचा दहावा हिस्साच वापरत असला तरी भाडं पूर्ण कार्डाचं. एनव्हिडियाच्या ए१०० सारख्या कार्डाचे हार्डवेअरमध्येच जास्तीत जास्त सात भाग करता येतात, पण एखादा भाग व्हर्च्युअल मशीनला द्यायचा तर वेगळी व्यवस्था लागते.

दुसरी किंमत वेळेची आणि मेमरीची. जीपीयू कधी कुठली मेमरी मागेल याचा नेम नसल्यामुळे व्हर्च्युअल मशीनची सगळी मेमरी सुरुवातीलाच राखून ठेवावी लागते. त्यामुळे मशीन सुरू व्हायला जास्त वेळ लागतो आणि मोकळी मेमरी दुसऱ्याला उसनी देता येत नाही. कंटेनर क्षणात सुरू होतो, हा फायदा इथे थोडा कमी होतो.

तिसरी गोष्ट गिरणीत राहिलेल्या पिठाची. घरघंटी दुसऱ्या घरी पाठवण्याआधी ती झाडली का? जानेवारी २०२४ मध्ये 'ट्रेल ऑफ बिट्स' या कंपनीने दाखवलं, की ॲपल, क्वालकॉम, एएमडी आणि इमॅजिनेशन यांच्या काही जीपीयूंमध्ये आधीच्या प्रोग्रॅमचा डेटा उरत होता. त्यावरून दुसऱ्याच्या एआय चॅटमधलं उत्तर पुन्हा जुळवता येत होतं. त्या प्रयोगात कार्ड एकाच यंत्रावरचे दोन प्रोग्रॅम वापरत होते. पण धडा पासथ्रूलाही लागू आहे. एक भाडेकरू गेला की कार्ड रीसेट करून मेमरी पुसणं, ही यंत्रमालकाची जबाबदारी आहे.

शेवटची मर्यादा म्हणजे पासथ्रू शेजाऱ्यापासून वाचवतं, यंत्रमालकापासून नाही. त्यासाठी 'कॉन्फिडेन्शियल कम्प्युटिंग' हे वेगळं तंत्र आहे. त्यात व्हर्च्युअल मशीनची मेमरी एन्क्रिप्ट केलेली असते आणि एनव्हिडियाच्या एच१०० पासून जीपीयूही त्या संरक्षणात घेता येतो. काटावर हे तंत्र वापरणारा 'कॉन्फिडेन्शियल कंटेनर्स' हा प्रकल्पही सुरू आहे.

महाराष्ट्राचा संबंध काय?

भाड्याचे जीपीयू आता आपल्या दारात आहेत. पनवेलला योट्टा कंपनीचं डेटा सेंटर आहे आणि तिच्या 'शक्ती क्लाउड'वर एच१०० भाड्याने मिळतात. पुण्यात सी-डॅकचा 'परम सिद्धी-एआय' हा महासंगणक आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये तो जगातल्या ५०० वेगवान महासंगणकांच्या यादीत ६३ वा होता.

केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सुमारे १०,३७२ कोटी रुपयांच्या 'इंडियाएआय मिशन'ला मंजुरी दिली. जानेवारी २०२५ मध्ये या योजनेतून १८,६९३ जीपीयू उपलब्ध होणार असल्याचं जाहीर झालं. ते वापरणार स्टार्टअप, विद्यापीठं, संशोधक आणि सरकारी विभाग. म्हणजे एकाच इमारतीत विद्यार्थ्याचा प्रयोग, रुग्णालयाचे अहवाल आणि सरकारी फाइल्स आलटून-पालटून त्याच कार्डांवर येऊ शकतात.

म्हणून नागपूरमधल्या एखाद्या स्टार्टअपने किंवा सरकारी कार्यालयाने जीपीयू भाड्याने घेताना ताशी दराबरोबर तीन प्रश्न विचारायला हवेत. आमचा कंटेनर इतरांबरोबर एकाच कर्नलवर चालतो, की त्याला स्वतंत्र व्हर्च्युअल मशीन आहे? कार्ड पूर्ण आमच्या ताब्यात असतं, की कुणाबरोबर वाटून? आणि आमचं काम संपल्यावर कार्डाची मेमरी पुसली जाते, हे करारात लिहिलेलं आहे का?

साध्या चित्रांवरून विद्यार्थी मॉडेल शिकवत असेल, तर साधा कंटेनर पुरे. तिथे पासथ्रूचा खर्च कशाला? पण कार्डावर कुणाची पोलीस तक्रार किंवा कुणाचा एक्स-रे जाणार असेल, तर ती माणसं हे प्रश्न विचारायला तिथे नसतात. त्यांच्या वतीने ते करारावर सही करणाऱ्यालाच विचारावे लागतील.