सर्पदंश : मंत्राकडून प्रतिविषाकडे

नीरेच्या डाव्या कालव्याने बारामती तालुक्याचे रूप पालटले, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु कोऱ्हाळे बुद्रुकसारख्या गावी उसाच्या दाट फडात उंदरांना आसरा मिळतो आणि उंदरांच्या मागावर नाग व घोणस येतात, इकडे आपले लक्ष क्वचितच जाते. म्हणून सर्पदंशाच्या उपचाराचा इतिहास आम्हांस केवळ वैद्यांचा विषय वाटत नाही.

दंश होताच मांत्रिक गाठावा, कडुनिंबाचा पाला चावून पाहावा आणि तो कडू न लागल्यास विष भिनले असे समजावे, ही आपली जुनी रीत. मांत्रिकाला यश येई, हे खोटे नव्हे. परंतु आपल्याकडील बहुतेक जातींचे सर्प बिनविषारी आहेत, आणि विषारी सर्पही प्रत्येक दंशात विष सोडतोच असे नाही. जो मुळात मरणारच नव्हता, त्याला वाचविल्याचे श्रेय मंत्राने घेतले.

कलकत्त्यास डॉ. जोसेफ फेअरर यांनी अनेक प्रचलित उतारे प्रयोगाने पारखले. त्यांपैकी एकही भरवशाचा नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांचा ग्रंथ १८७२ साली प्रसिद्ध झाला. पुढे १८९४-९५ मध्ये फ्रान्सच्या काल्मेत यांनी जनावरांना अल्प मात्रेने विष टोचून त्यांच्या रक्तद्रवातून प्रतिविष मिळविले. हे प्रतिविष सर्व सर्पांवर चालेल, अशी त्यांची समजूत होती. ती खोडून काढण्यात मुंबईचाही वाटा आहे. परळच्या जुन्या राजभवनात १८९९ साली हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली. तेथील जॉर्ज लँब यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले की, नागाचे प्रतिविष घोणशीच्या विषापुढे निष्प्रभ ठरते.

मग अंधारात फडाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याने सर्प ओळखावा कसा? नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांवर चालणारे एकच प्रतिविष हे या प्रश्नाचे उत्तर होते. १९२५ पासून हाफकिन यांचे नाव धारण करणाऱ्या त्याच परळच्या संस्थेत पुढे ते तयार होऊ लागले.

आता सर्पाची ओळख रोग्याच्या अंगावरूनच पटते. पापण्या मिटू लागल्या, गिळणे व श्वास जड झाला, तर नाग किंवा मण्यार. जमिनीवर निजलेल्यास मण्यार डसली तर वेदना वा सूज जवळजवळ नसते, म्हणूनच ती अधिक फसवी. सूज चढली, हिरड्यांतून वा लघवीतून रक्त आले, तर घोणस किंवा फुरसे. काचेच्या स्वच्छ कोरड्या नळीत घेतलेले रक्त वीस मिनिटांत गोठले नाही, तर संशयास जागा उरत नाही.

घरच्यांचे काम त्यामुळे सोपे झाले आहे. दंशाची जागा कापू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये. सर्प मारण्यात वेळ दवडू नये. रोग्यास धीर द्यावा, हातपाय हलू देऊ नये, आणि तडक रुग्णालय गाठावे. प्रतिविष शिरेतून द्यावे लागते. कधी श्वासयंत्रही लागते. ही दोन्ही साधने मांत्रिकाच्या अंगणात नाहीत. विद्येने औषध शोधून दिले. ते वेळेत रोग्याच्या शिरेत पोहोचविणे मात्र आपल्या हाती आहे.