अर्ध्या डोक्याचं दुखणं

आष्टीच्या आमच्या घरात भिंतीला एक कोनाडा होता. त्यात रॉकेलची चिमणी, काडेपेटी आणि एक छोटी बाटली असायची. बाटलीवरच्या चिठ्ठीवर एका हबशी योद्ध्याचं चित्र होतं. औषधाचं नाव 'झिंदा तिलिस्मात'. अम्मीचं डोकं उठलं की ती बाटली काढून द्यायची आणि दार लोटून घ्यायचं, हे माझं ठरलेलं काम. ती कपाळाला फडकं करकचून बांधून अंधारात पडून राही. उजव्या कानशिलावर बोट ठेवून म्हणे, "आधासीसी उठी रे." बोटाशेजारची शीर ठणाठणा उडताना मला दिसायची.

बाहेर ओट्यावर माझी फुफी म्हणायची, "काम निघालं की हिचं डोकं दुखतं." ताप नाही, सूज नाही, जखम नाही, मग आजार कसला? त्या वयात मलाही याचं उत्तर देता येत नव्हतं. पुढे हेच दुखणं माझ्या वाट्याला आलं, तेव्हा मी उत्तर शोधू लागलो.

आधी त्या बाटलीची गोष्ट. आमची आष्टी परतूर तालुक्यातली. हा तालुका पूर्वी परभणी जिल्ह्यात होता. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला तेव्हा तो इकडे आला. त्याही आधी, सप्टेंबर १९४८ पर्यंत, सगळा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कचेरीची भाषा उर्दू, आणि गावोगावी युनानी हकिमांचा राबता. हैदराबादेत हकीम मोहम्मद मोइजुद्दीन फारुकी यांनी १९२० साली झिंदा तिलिस्मात तयार केलं. संस्थान गेलं, पण बाटली आमच्या कोनाड्यात राहिली.

शेजारच्या काकूंकडे मात्र पिवळ्या मलमाची बाटली असे. ते अमृतांजन. ते मूळचं मुंबईचं. आंध्रातून पोटापाण्यासाठी मुंबईत आलेल्या काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी १८९३ मध्ये ते बाजारात आणलं. याच गृहस्थांनी १९०८ साली मुंबईतूनच 'आंध्र पत्रिका' हे तेलुगू साप्ताहिक सुरू केलं. एक औषध हैदराबादचं, एक मुंबईचं. एक युनानी, दुसरं वेदनाशामक मलम. पण झाकण उघडलं की दोन्हींचा वास जवळजवळ सारखा, कारण निलगिरी, कापूर आणि पुदिन्याचं सत्त्व दोन्हींत. पुदिन्याच्या सत्त्वानं कातडीतल्या गारवा ओळखणाऱ्या नसा जाग्या होतात आणि थोडा वेळ दुखण्यावरचं लक्ष उडतं. अम्मीला तेवढाही आराम पुष्कळ वाटे.

बाटल्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या. दुखण्याचं नाव त्याहून फार जुनं आहे. मराठीत आपण अर्धशिशी म्हणतो, म्हणजे अर्ध्या शिराचं दुखणं. आयुर्वेदात तो अर्धावभेदक. ग्रीक वैद्य त्याला हेमिक्रेनिया, म्हणजे अर्धी कवटी, म्हणत. तोच शब्द झिजत झिजत मायग्रेन झाला. अरबीत ते शकीका, त्याच्याही मुळाशी दुभंगलेला अर्धा भाग. एकमेकांची भाषा न कळणाऱ्या माणसांनी एकाच दुखण्याला एकच नाव दिलं. ही सगळी माणसं एकाच वेळी कामचुकारपणा करत असतील, असं मला वाटत नाही.

सुश्रुतसंहितेत डोक्याचे अकरा रोग सांगितले आहेत. त्यात अर्धावभेदक आहे, तसाच सूर्यावर्तही. सूर्यावर्त म्हणजे सूर्य वर चढेल तसं वाढणारं आणि तो कलला की उतरणारं दुखणं. काकू अम्मीला सांगायच्या, "सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी खा." अब्बा आदल्या दिवशी बाजारातून जिलेबी आणून ठेवत. या उपायामागे तीच सूर्याची जुनी समजूत असावी. आज एवढं नक्की सांगता येतं, की उपाशी राहिल्यानं अनेकांची अर्धशिशी उठते. चरकसंहितेतही कारणं दिली आहेत: कोरडं अन्न, अवेळी आणि अती खाणं, पूर्वेचं वारं, दव, शरीराचे वेग अडवणं, अती श्रम. आज डॉक्टर रुग्णाला जी कारणं तपासायला सांगतात, त्यांतली काही या यादीत दिसतात.

युनानी परंपरेतही हा विषय जुना आहे. पैगंबरांनी शकीकासाठी डोक्यावर हिजामा, म्हणजे तुंबडी लावून घेतल्याची नोंद 'सहीह बुखारी'त आहे. उपायाचा गुण किती, हा वैद्यकाचा प्रश्न. मला त्या नोंदीत दुखणं मानल्याची साक्ष दिसते. सगळेच उपाय मात्र सौम्य नव्हते. दहाव्या शतकात स्पेनमधल्या कुर्तुबा शहराजवळचे प्रख्यात शल्यवैद्य अल-जहरावी कानशिलावर तापलेल्या लोखंडाचा डाग देत, किंवा तिथे चीर पाडून आत लसणाची पाकळी बसवत. माणसं हेही सोसायला तयार होत, यावरून दुखण्याची कल्पना यावी.

विसाव्या शतकात औषध सापडलं ते एका बुरशीत. आपल्याकडे बाजरीच्या कणसावर अरगट पडतो. त्याच जातकुळीची बुरशी युरोपात राय नावाच्या धान्यावर पडते. १९१८ साली स्वित्झर्लंडमध्ये आर्थर स्टोल यांनी तिच्यातून अरगोटामिन वेगळं केलं. १९३८ मध्ये अमेरिकेत ग्रॅहम आणि वुल्फ यांनी दाखवलं, की ते दिल्यावर कानशिलावरच्या शिरेची उडी कमी होते आणि दुखणंही उतरतं. मी लहानपणी पाहिलेली ती शीर शास्त्रज्ञांनी मोजली होती. पुढे कळलं, की गोष्ट नुसत्या शिरेची नाही. चेहऱ्याच्या आणि मेंदूच्या आवरणाच्या संवेदना वाहणारी एक मोठी नस चेतते आणि काही द्रव्यं सोडते. १९९१ पासून सुमाट्रिप्टान हे औषध मिळू लागलं. त्यातल्या एका द्रव्याला अडवणारी इंजेक्शनं २०१८ पासून आली. ते द्रव्य आणि अर्धशिशी यांचं नातं उलगडणाऱ्या चार शास्त्रज्ञांना २०२१ साली 'ब्रेन प्राइज' मिळालं.

आता माझं. तिशीत मी किराणा दुकानातून सुट्या गोळ्या घेई. आधी आठवड्याला एक, मग दिवसाला एक, मग सकाळ-संध्याकाळ. कविसंमेलनाला निघताना कवितेची वही विसरे, गोळ्यांची पट्टी कधी विसरत नसे. अखेर रोजच डोकं दुखू लागलं. एका डॉक्टरांनी विचारलं, "महिन्यात किती गोळ्या?" मी आकडा सांगितला. ते म्हणाले, "आता तुमचं डोकं गोळ्यांनीच दुखतंय." साधी वेदनाशामक गोळी महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस, मिश्र गोळी दहा किंवा अधिक दिवस, असं काही महिने चाललं तर असं होतं. त्यांच्या देखरेखीखाली ती सवय सोडली. पहिले पंधरा दिवस फार वाईट गेले. झटके कमी करणारं औषध त्यांनी सुरू केलं. मी वही ठेवली: झोप किती, जेवण केव्हा, चहा किती, ऊन किती. रमजानात सहरी चुकवली की दुखणं ठरलेलं, हेही त्या वहीनंच दाखवलं. आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची मुभा आहे, हे मला माहीत होतं. ती घ्यायला शिकलो. दुखणं गेलं नाही. महिन्याचे वीस दिवस होते, ते दोन-तीन राहिले.

२०१९ मध्ये भारतात सुमारे २१ कोटी लोकांना अर्धशिशी होती, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यात बायका अधिक. म्हणजे फडकं बांधून पडलेली माझी अम्मी एकटी नव्हती.

तिच्या अखेरच्या वर्षांत मी तिला हे सगळं वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "किताबों में है क्या?" मी म्हटलं, "हजार वर्षांपासून आहे." थोडा वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, "तेरी फुफी कू बोल." फुफीला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

म्हणून हे तुम्हाला सांगतो आहे. डोकं अचानक, कधी नव्हे इतकं दुखलं, सोबत ताप येऊन मान आखडली, बोलताना जीभ अडखळली, हात-पाय लुळा पडला किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं दुखू लागलं, तर बाम शोधत बसू नका, दवाखाना गाठा. आणि तुमच्या घरात कुणी कपाळाला फडकं बांधून पडलं असेल, तर दिवा मालवा, दार हळू लोटा, आणि तिला डॉक्टरकडे केव्हा न्यायचं ते ठरवा.