जोरावर सिंहाचा तिसरा हिवाळा

बाहेरच्या फलकावर आजचा विषय 'उंच डोंगरातल्या हिवाळी ट्रेकचं नियोजन' असा लिहिलाय. त्यामुळे काही जण बुटांची कंपनी आणि जॅकेटचा भाव टिपून घ्यायला आले असतील. त्यांची थोडी निराशा होणार आहे. आम्ही इतिहासवाले. आमच्याकडे जॅकेट नाही, १८४१ साल आहे.

पण आधी एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही सात जण सांक्रीहून केदारकंठ्याला गेलो होतो. सगळे सह्याद्रीत वीस-वीस वर्षं हिंडलेले. सामान चोख होतं, एकच गोष्ट राहिली होती. किती वाजता मागे फिरायचं, ते आदल्या रात्री ठरवलं नव्हतं. मग तो वाद झाला वरती, वाऱ्यात. अर्धे म्हणाले आता परतू, अर्धे म्हणाले शिखर समोर तर दिसतंय. वादात पाऊण तास गेला. आमच्यातल्या एकाचे हातमोजे ओले झाले होते. त्याच्या दोन बोटांना पुढे चार महिने धड संवेदना नव्हती. सह्याद्रीत उशीर झाला तर गुहेत पडून राहता येतं, नाहीतर खाली एखाद्या वाडीत कुणीतरी भाकरी घालतं. उशिराची किंमत तिथे एक रात्र असते. बर्फात ती कशात मोजतात, ते आम्हाला त्या दिवशी कळलं. घरी आल्यावर जोरावर सिंहाची हकीकत पुन्हा वाचायला घेतली. आधी ती 'लढाई' म्हणून वाचली होती. या वेळी वेगळी दिसली.

जोरावर सिंह हा जम्मूच्या गुलाब सिंहाचा सेनापती, आणि गुलाब सिंह लाहोर दरबारचा मांडलिक. १८३४ मध्ये जोरावर किश्तवाडहून लडाखात उतरला. का उतरला, याची कारणं अनेक, पण एक पश्मिना. शालींची लोकर चांगथांग आणि पश्चिम तिबेटमधून यायची. ती वाट ज्याच्या हातात, त्याच्या हातात पैसा. हा भाग मागच्या एका व्याख्यानात येऊन गेलाय, पुढे जाऊ.

त्याने डोंगरात बरेच हिवाळे काढले. आपण तीन बघू.

पहिला १८३४-३५ चा. बर्फ पडायला लागल्यावर तो सुरूच्या खोऱ्यात मागे सरकला आणि थांबला. लडाखी फौज मात्र बर्फ तुडवत त्याच्यावर चालून आली. आली ती दमून. डोग्रे विसावलेले होते, त्यांनी उलट हल्ला केला. पळणाऱ्या लडाख्यांपैकी सुमारे ४०० माणसं बर्फाचा पूल खचून गेली, असं अलेक्झांडर कनिंगहॅम लिहितो. हो, पुढे पुरातत्त्व खात्याचा पहिला प्रमुख झाला तोच कनिंगहॅम. लडाखवरचं त्याचं पुस्तक १८५४ चं आहे. तर पहिल्या हिवाळ्यात शहाणपण होतं ते न चालण्याचं. गंमत म्हणजे यात चुकले स्थानिक लोक. थंडी त्यांना माहीत नव्हती असं कोण म्हणेल? पण बर्फ तुडवून आल्यावर आपल्या पायात किती त्राण उरेल, हा हिशेब चुकला.

दुसरा हिवाळा बाल्टिस्तानच्या मोहिमेतला, १८४० च्या सुमारासचा. सिंधूच्या एका काठावर फौज अडकली. समोर शत्रू, पूल मोडलेला, धान्य संपत आलेलं आणि थंडी हाडात शिरलेली. पुढे पाठवलेली एक मोठी तुकडी जवळजवळ पूर्ण कापली गेली होती. अशा वेळी मेहता बस्ती राम नावाचा अधिकारी ४० माणसं घेऊन नदीकाठी उतार शोधत निघाला. नदी दोन्ही बाजूंनी गोठली होती, मधला पट्टा वाहता होता. दा गावच्या दरद लोकांनी युक्ती दाखवली. झाडं तोडून त्या पट्ट्यावर घालायची, रात्रीच्या थंडीत त्यावर बर्फ धरू द्यायचं, पहाटे पूल तयार. फौज पार झाली. काही जणांचे हातपाय गारठून निकामी झाले, पण मोहीम वाचली.

इथे जरा थांबू. थंडीने ज्यांना मारायला घेतलं होतं, त्यांना थंडीनेच पूल बांधून दिला. त्यासाठी ती नदी कोणत्या रात्री किती गोठते हे ठाऊक असणारं कुणीतरी लागलं. ते 'कुणीतरी' त्या गावचे लोक होते. इतिहासाच्या पुस्तकात त्यांना एक ओळ मिळते, नाव एकाचंही नाही.

आणि आता तिसरा. ज्या माणसाने हे दोन हिवाळे पाहिले, त्याचा तिसरा असा कसा झाला?

१८४१ च्या मे महिन्यात जोरावर लेहहून पूर्वेला निघाला. बरोबर पाच-सहा हजार माणसं, त्यात लडाखी आणि बाल्टीही. उन्हाळाभर मोहीम सरसर पुढे सरकली. रुदोक, गारतोक, मानसरोवराचा परिसर, आणि सप्टेंबरात तकलाकोट. नकाशात बघा: तकलाकोट नेपाळ आणि कुमाऊँच्या तिठ्यावर आहे. लेह तिथून कित्येक आठवड्यांच्या चालीवर. मधे सगळं उंच, झाडाविना पठार.

सप्टेंबर म्हणजे निर्णयाचा महिना. तेव्हा परत फिरला असता तर वाट उघडी होती. तो थांबला. आमच्या मते याला एकच कारण देणं हा आळस आहे. जिंकलेला मुलूख सोडायचा कसा, हा एक प्रश्न. पश्मिन्याची पेठ हातात आली होती, हा दुसरा. शिवाय इंग्रजांना ही स्वारी खुपत होती. त्यांनी लाहोर दरबारावर दाब आणला आणि फौज मागे घ्यायला १० डिसेंबर १८४१ ही मुदत घातली. तारीख बघा, १० डिसेंबर! कलकत्त्याच्या कचेरीत ती कागदावर ठीक दिसली असेल. त्या पठारावर तोवर खिंडी बंद झालेल्या असतात.

नोव्हेंबरात तिबेटी फौज आली, आणि तिने जोरावरची परतीची वाट धरली. त्याने ३०० जणांची तुकडी पाठवली, ती संपली. मग ६०० जण पाठवले, तेही घेरले गेले. डिसेंबरात तो स्वतः निघाला.

आता गणित करू. बर्फातल्या कुठल्याही मुक्कामाचा पहिला खर्च सरपणाचा. पाणी आजूबाजूला ढीगभर असतं, पण घन. ताज्या भुसभुशीत बर्फाची दहा भांडी वितळवली तर जेमतेम एक भांडं पाणी मिळतं. म्हणजे तहान भागवायलाही जाळ लागतो. तिबेटच्या त्या भागात झाड नाही. जनावरांचं वाळलेलं शेण आणि काटेरी खुरटी झुडपं एवढंच इंधन. कनिंगहॅम म्हणतो, ते झुडूप जळताना विस्तव कमी आणि धूर जास्त. पाच माणसांचा काफिला एवढ्यावर राहील. पाच हजारांची छावणी चार दिवसांत आसपासचा डोंगर बोडका करते, मग शेणी गोळा करायला रोज लांब जावं लागतं, आणि लांब जाणारा माणूस एकतर थंडीने मरतो नाहीतर शत्रूच्या हाती लागतो. शेवटी काही शिपायांनी आपल्या बंदुकांचे लाकडी दस्ते जाळले, अशी नोंद आहे. घटकाभराच्या उबेसाठी हत्यार जाळलं. आम्ही हा इतिहास शिकवताना याच वाक्यापाशी दरवेळी अडखळतो. १२ डिसेंबरला तोयो इथे शेवटची लढाई झाली, तेव्हा निम्म्या माणसांना हत्यार धरता येत नव्हतं. जोरावर सिंह तिथेच पडला.

आणि बस्ती राम? बर्फाच्या पुलावरून सिंधू ओलांडणारा तो बस्ती राम तकलाकोटच्या गढीत होता. तिथली शिबंदी काली नदीच्या उगमाकडच्या खिंडीतून कुमाऊँत पळाली. पाठलाग नव्हता, तरी अर्धी माणसं थंडीने वाटेतच मेली. उरलेल्यांपैकी अनेकांची बोटं गेली. बस्ती राम जगला, पुढे लेहचा अधिकारी झाला, आणि कनिंगहॅमला ही हकीकत त्याच्याकडूनच मिळाली. म्हणून आपल्याला ती माहीत आहे.

एक सूचना. थंडीला मिळालेला तो पहिला लष्करी बळी नाही. १५३३ मध्ये मिर्झा हैदर दुघलात काश्गरच्या सुलतानासाठी ल्हासा घ्यायला याच पठारावर निघाला होता. त्याने 'दम-गिरी' नावाच्या आजाराचं वर्णन करून ठेवलंय: धाप, डोकेदुखी, बडबड, हातापायांना सूज. आज आपण त्याला उंचीचा आजार म्हणतो. त्याचा सुलतान सईद खान त्याच वर्षी परतताना त्याच आजाराने गेला. तेव्हा लेहला विमानाने उतरून दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेकला निघणाऱ्यांनी हे नाव लिहून घ्यावं.

आता १९४८. हे प्रकरण आम्हाला मनापासून आवडतं, कारण यात नियोजन दिसतं आणि गाजावाजा दिसत नाही. गिलगिट हातून गेलं होतं, स्कार्दूला वेढा पडत होता, लेहमध्ये संस्थानी फौजेचे मूठभर शिपाई. श्रीनगरहून लेहला जायची वाट झोजी-लावरून, उंची सुमारे ११,५०० फूट. फेब्रुवारीत तिथे हिमस्खलनं होतात. खिंड बंद, असंच सगळे धरून चालत. मेजर पृथी चंद, कॅप्टन खुशाल चंद आणि सुभेदार भीम चंद हे २ डोग्रा पलटणीतले तिघे पुढे आले. तिघेही लाहौलचे. अटल बोगदा २०२० मध्ये झाला. त्याआधी लाहौल हिवाळ्यात रोहतांगच्या पलीकडे महिनोन्‌महिने कोंडलेला असायचा. तिथे बर्फात चालणं हे धाडस समजत नाहीत. ते घरकाम आहे.

सुमारे ४० स्वयंसेवक घेऊन ते १६ फेब्रुवारीला निघाले आणि ८ मार्चला लेहला पोचले. अंतर साधारण ४०० किलोमीटर, दिवस एकवीस. म्हणजे रोज सरासरी वीसेक किलोमीटर, आणि हे लेहमध्ये द्यायच्या जास्तीच्या रायफली वाहून नेत. झोजी-लाची जुनी रीत अशी की उन्हाळी बर्फ असो वा हिवाळी, ऊन चढायच्या आत पार व्हायचं. रात्री वरचा थर घट्ट गोठलेला असतो, पाय रुतत नाही. ऊन लागलं की तो सैल होतो आणि वरचा उतार खाली यायला बघतो. रात्रीची झोप मोडून चालणं हा सोपा निर्णय वाटतो. थंडीत उबदार पिशवीतून रात्री दीडला बाहेर आलेल्यांनी सांगावं किती सोपा ते.

बरोबर सोनम नोरबू नावाचे लडाखी अभियंते होते. ही माणूस-निवड आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. चाळीस जणांच्या फळीत एक जागा बंदूक न धरणाऱ्याला दिली, कारण पोचल्यावर करायचं काम ठरलेलं होतं. त्यांनी लेहच्या लोकांना हाताशी धरून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात धावपट्टी तयार केली. २४ मे रोजी एअर कमोडोर मेहर सिंह यांनी जनरल थिमय्यांना घेऊन तिथे डाकोटा उतरवलं. खुशाल चंदांनी पुढे खालत्से इथला पूल उडवून लेहवरची चाल लांबवली. पृथी चंद आणि खुशाल चंद दोघांनाही महावीरचक्र मिळालं.

जोरावर यांच्यापेक्षा कमी शूर होता, असं कुणी म्हणू नये. आम्हाला फरक दिसतो तो माणसांच्या संख्येत आणि सरपणात. चाळीस माणसांना वाटेवरच्या गावात निवारा मिळतो, जाळही मिळतो. पाच हजारांना कोणतंच गाव पुरत नाही.

तोयोला आज जोरावर सिंहाची समाधी म्हणून दगडांची रास दाखवतात. लिपुलेखवरून कैलास-मानसरोवरला जाणारे यात्रेकरू तकलाकोटला थांबतात, त्यातले काही जण, आपल्याकडचेही, तिथे जाऊन येतात. जातात ते उन्हाळ्यात. तेव्हा शेतात जव उभं असतं.