काबो द रामचे चंबू

हवेचा इतिहास लिहिणाऱ्याजवळ सनदा नसतात, शिलालेखही नसतात. ध्रुवप्रदेशाच्या हिमात जुन्या हवेचे बुडबुडे सापडतात खरे; परंतु कोकणात अमुक वर्षी अमुक महिन्यात हवा कशी होती, हे त्यांवरून कळत नाही. ते त्या त्या वेळीच मोजावे लागते.

गणित मात्र मोजणीच्या आधी आले. १८९६ साली स्वीडनच्या आरेनियसने हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास पृथ्वी किती तापेल, याचा हिशेब हाताने मांडला. तो वायू वाढतो आहे, हे निर्विवाद सिद्ध होण्यास १९५८ उजाडावे लागले. त्या वर्षी चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरील मौना लोआ येथे मोजणी आरंभिली. तेव्हा दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग असलेला हा वायू आज ४२० च्या पुढे गेला आहे. १९६४ साली पैशाअभावी तीही मोजणी काही काळ थांबली होती. आलेखातील ती फट अजून तशीच आहे.

आपल्याकडील अशी नोंद गोव्यात झाली. काणकोण तालुक्यात, समुद्रात शिरलेल्या कड्यावर काबो द रामचा किल्ला आहे. त्यात संत अंतोनीचे चर्च आहे. याच भूशिरावर १९९३ पासून काचेच्या चंबूंत हवा भरून ती तपासणीसाठी ऑस्ट्रेलियातील प्रयोगशाळेत पाठविली जाई. पावसाळ्यात तेथे समुद्रावरची हवा येते, हिवाळ्यात भारतभूमीवरून गेलेली. दोहोंतील फरक म्हणजे या भूमीच्या उच्छ्वासाची खूणच. वाऱ्याच्या वाटा ठाऊक असल्या की संगणकावरील प्रतिमान त्या फरकावरून उलट हिशेब करते आणि कोणता वायू कोठून किती निघाला असावा, हे सांगते. चंबू थोडे असतील, तर उत्तर तितकेच अंधूक.

हा प्रश्न समुद्रकाठापुरता नाही. हिंगोली जिल्ह्यातील पुसेगावच्या शिवाराचेच पाहा. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे. तो स्वतः उष्णता अडवीत नाही. सोयाबीनच्या मुळांवरील गाठी त्यालाच मातीत बांधतात. कपाशीला, हळदीला मात्र युरिया घालावा लागतो. त्यातील काही अंश मातीतील जिवाणूंच्या क्रियेने नायट्रस ऑक्साइड होऊन निघून जातो. शंभर वर्षांच्या हिशेबात, वजनास वजन, तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता अडवितो. अशा शिवारांचा वाटा प्रतिमानात येतो तो बहुधा खताच्या वापरावरून काढलेल्या अंदाजाने.

काबो द रामची सलग नोंद २००२ मध्ये खंडित झाली. पुढे २००९ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सिंहगडावर हवेचे नमुने घेण्यास प्रारंभ केला. संस्थेचे पृथ्वीप्रणाली प्रतिमान आज जागतिक अहवालांतही स्थान मिळविते. हे भूषणावहच. तथापि, मधल्या वर्षांत त्या कड्यावरून वाहून गेलेली हवा कोणत्याही गणिताने परत चंबूत भरता येणार नाही. म्हणून मोजणीचा खर्च टाळणे ही काटकसर नव्हे. पुढच्या पिढीच्या हाती कोरे पान देणे होय.